नंतरच्या आनंदाची बाग

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघे भाऊ पुण्याला गेलो. मी बडनेऱ्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो, भाऊ अकोल्याला चढले. भाऊ म्हणजे माझे थोरले बंधू. माझ्याहून सात वर्षांनी मोठे, सत्तरी ओलांडलेले, अकोल्याच्या जुन्या शहरात सरकी-ढेपेचे दुकान चालविणारे. त्यांच्याजवळ एक कापडी पिशवी होती. भुसावळ येण्यापूर्वी, उजेड असतानाच त्यांनी पिशवीतून डबा काढला, दशम्या आणि तिळाची चटणी खाऊन जेवण आटोपले आणि रात्रीपुरते पाणीही पिऊन घेतले. डब्याखाली एक तपकिरी लिफाफा होता. तो त्यांनी बाहेर काढला नाही. पण त्यात काय आहे हे मला ठाऊक होते.

आमचे वडिलोपार्जित घर एका बिल्डरला देण्याचा तो करारनामा होता. आखीव पत्रिकेवर अजून आम्हा दोघांची नावे आहेत, म्हणून माझी सही हवी होती. "पुण्यात निवांत वाचून घे, मग कर," असे भाऊ म्हणाले होते. माझी काही हरकत नव्हती. घर पडायला आले होते, मागच्या गोदामाचा भाडेकरू एमआयडीसीत निघून गेला होता आणि भाव बरा मिळत होता. सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला यात फार विचार करण्यासारखे काही दिसले नाही.

पुण्याला जाण्याचे निमित्त माझ्या नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचे होते. मुलगी सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहते. भाऊंची नातही पुण्यातच शिकते. पदवीच्या अभ्यासाबरोबर ती जपानी भाषा शिकते आहे. ढेपेच्या दुकानातून जपानी भाषेच्या शिकवणीची फी जाते, याचे आमच्या नातेवाइकांना अजून नवल वाटते. भाऊंना मात्र कधी वाटले नाही. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि म्हणाली, "आजोबा, चला, तुम्हाला जपान दाखवते. रिक्षाने दहा मिनिटांत."

तिने आम्हाला पु. ल. देशपांडे उद्यानात नेले. पुण्याच्या लोकांना ही बाग चांगली परिचित आहे. आपल्याकडील अनेकांनी ती पाहिली नसेल म्हणून थोडे सांगतो. दहा एकरांची ही बाग जपानी पद्धतीची असून 'पुणे-ओकायामा मैत्री उद्यान' असेही तिचे नाव आहे. ओकायामा हे जपानमधील शहर. तेथे 'कोराकुएन' नावाची तीनशे वर्षांहून जुनी बाग आहे आणि तिच्या धर्तीवर पुण्याची ही बाग रचलेली आहे. 'पूर्वरंग'मध्ये आपल्याला जपानचा प्रवास घडविणाऱ्या पुलंचे नाव तिला मिळाले हे योग्यच झाले. बागेत मात्र विलक्षण शांतता असते. कोणी हिरवळीवर पाय ठेवला की रखवालदाराची शिट्टी वाजते, तेवढाच काय तो आवाज.

फाटकाशीच भाऊ थांबले. "दहा एकर म्हणजे चार लाख पस्तीस हजार सहाशे चौरस फूट," ते म्हणाले. कागद-पेन्सिल न घेता एवढा गुणाकार ते आजही करतात. "सिंहगड रोडवर! आणि नुसतं गवत? कायले बापा?" नात हसली. मलाही हसू आले. पण खरे सांगायचे तर तोच प्रश्न माझ्याही मनात आला होता, फक्त मी तो मोठ्याने विचारला नव्हता.

'बाग' म्हटले की आम्हा वऱ्हाडातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर संत्र्याची बाग येते. मोर्शी, वरूड, अचलपूर या भागांत मी शेतीकर्जाचे काम पाहिले आहे. संत्र्याचे कलम लावल्यापासून पाच-सहा वर्षे उत्पन्न नसते, म्हणून कर्जाचे हप्तेही तेव्हापासूनच धरावे लागतात. पुढेही प्रत्येक बहारासाठी झाडाला 'ताण' द्यावा लागतो. म्हणजे पाणी तोडून त्याला तहानलेले ठेवायचे, पाने कोमेजू द्यायची आणि मग पाणी सोडायचे. त्यानंतर फूल येते. आंबिया बहार काय, मृग बहार काय, ताण चुकला की फूल चुकले. अशा बागेत फिरायला कोणी जात नाही. तेथे माणूस झाडे मोजायला जातो, वाय बार भागाकडे पाहतो आणि पंचनामा करून परत येतो. शोभेची बाग म्हणजे अमरावतीत वडाळीचे बांबू उद्यान. तेथे मात्र निवृत्तीनंतर मी रोज सकाळी जाऊ लागलो आहे. अकोल्यात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि उन्हाळ्यात पारा शेहेचाळीस अंशांवर जातो. हिरवळ ही तिथे शोभा नसून खर्च आहे.

या पुणेरी जपानातले पाणी जवळच्या कालव्यातून घेतलेले आहे. ते एका ओहोळातून वळणे घेत तळ्यांत उतरते. तळ्यांत रंगीत मासे आहेत, ओहोळावर लहान लाकडी पूल आहेत, आणि जमीन सपाट न ठेवता हिरव्या उंचवट्यांची केलेली आहे. फुलांचा भपका जवळजवळ नाही. नातीने आम्हाला समजावून सांगितले की ही फिरत फिरत पाहायची बाग आहे. कोणत्याही एका जागी उभे राहिले तर ती पूर्ण दिसत नाही. वाट मुद्दाम वळवलेली असते. एक वळण घेतले की तळ्याचा एक तुकडा दिसतो, दुसऱ्या वळणावर तो दडतो आणि पूल दिसतो. बागेबाहेरची टेकडीसुद्धा बागेचाच भाग समजायची. दूरचा डोंगर, किल्ला, झाडांची रांग नजरेच्या चौकटीत आणून आपल्या बागेत मिळवून घेण्याला जपानी भाषेत 'शाक्केई' म्हणतात. अर्थ, उसना देखावा. ओकायामाला नदीपलीकडच्या किल्ल्याचा काळा बुरूज असा उसना घेतलेला आहे. पुण्यात टेकडी आहे. "बिनव्याजी उसनं," मी म्हणालो. माझ्या विनोदांवर घरी कोणी हसत नाही. पण नात बिचारी हसली.

आमच्या पुढे एक कुटुंब चालले होते. त्यांचा लहान मुलगा हिरवळीवर धावला, शिट्टी वाजली, आईने त्याला ओढून आणले आणि तो रडू लागला. भाऊंना ते आवडले नाही. "गवत चालायसाठी नाही तर कायसाठी?" असे ते पुटपुटले. मला त्यांचे म्हणणे पटले आणि रखवालदाराचेही पटले. एवढ्या माणसांचे पाय रोज पडले तर गवत आठवडाभरही टिकणार नाही. बँकेच्या काउंटरवरही असेच असते. नियम योग्य असतो आणि समोरचा माणूसही योग्य असतो.

ओहोळाच्या एका वळणाशी भाऊ खाली उकिडवे बसले. गुडघ्यांचा त्रास असताना ते असे बसतील याची मला कल्पना नव्हती. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मोठे दगड अर्धे मातीत पुरून ठेवले होते आणि आतल्या बाजूला बारीक गोटे होते. भाऊ बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे बरोबर केलं. सरळ नाली केली की पाणी पळून जातं. वळवलं की थांबतं, मुरतं. बाहेरच्या अंगाला मोठा दगड नसला तर काठ खचते."

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. कुठे, ते आठवायला मला क्षणभर लागला.

आमच्या अकोल्याच्या घरामागे एक वाडी होती. फार मोठी नव्हे. पण तिच्यात एक आड होता, पेरूचे झाड होते, लिंबू, गोडनिंब, शेवगा आणि भिंतीलगत जाईचा वेल होता. आडावर अंघोळी होत आणि धुणे होई. त्या पाण्यासाठी भाऊंनी स्वतः एक नाली काढली होती. मोर्णेच्या पात्रातून पिशवीत भरून आणलेले गोटे लावून ती नाली त्यांनी नागमोडी नेली होती. आडापासून लिंबाकडे, लिंबाकडून जाईकडे आणि शेवटी पेरूच्या आळ्यात. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. नालीत कागदाच्या होड्या सोडून मी त्यांच्यामागे धावत असे. नाली सरळ का नाही केली, असे मीच त्यांना विचारले होते, आणि त्यांनी दिलेले उत्तर शब्दशः हेच होते.

भाऊंना शेतीचे शिक्षण घ्यायचे होते. १९६९ साली अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. गावात त्याचीच चर्चा होती आणि भाऊ अठरा वर्षांचे होते. त्याच वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. भाऊ दुकानाच्या गादीवर बसले ते आजतागायत उठले नाहीत. मी शाळेत गेलो, महाविद्यालयात गेलो, नागपूर विद्यापीठाची एम. कॉम. पदवी घेतली, बँकेत लागलो. समाजाच्या स्नेहसंमेलनात माझा सत्कार झाला तेव्हा नारळ आणि शाल मला मिळाली; भाऊ शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत होते. यात कोणाचा दोष होता असे त्या काळी कोणाला वाटत नव्हते. प्रत्येक व्यापारी घरात एक मुलगा गादीवर बसतो आणि एक शिकतो. वाचकांपैकी अनेकांच्या घरी हे झाले असेल. आपण दोघांपैकी कोण, एवढाच फरक.

मधल्या एका उंचवट्यावर गेलो. तेथून बागेचा बराचसा भाग दिसतो. सकाळचे ऊन कोवळे होते. नातीने मोबाइलवर ओकायामाच्या मूळ बागेची छायाचित्रे दाखविली. इकेदा त्सुनामासा नावाच्या तेथील सरदाराने १६८७ मध्ये ती करायला घेतली आणि १७०० साली ती पूर्ण झाली. म्हणजे इकडे संभाजी महाराजांची कारकीर्द चालू असताना काम सुरू झाले आणि राजाराम महाराजांचे निधन झाले त्या वर्षी संपले. त्या बागेत चहाचा मळा आहे आणि भाताचे लहानसे शेतही आहे. भाऊंनी मोबाइल हातात घेऊन चष्मा वर केला. "सरदाराच्या बागेत भात? मग तो माणूस व्यवहारी होता." नातीने सांगितले की ते शेत चीनच्या प्राचीन पद्धतीप्रमाणे आखलेले आहे. जमिनीचे नऊ चौकोन करायचे, आठ घरांनी आठ चौकोन कसायचे आणि मधला नववा सर्वांनी मिळून कसून त्याचे पीक राजाला द्यायचे. "नवात एक," भाऊ लगेच म्हणाले, "म्हणजे सव्वाअकरा टक्क्यांच्या आत. बरं होतं."

मी 'कोराकुएन' या नावाचा अर्थ विचारला. तिने बोटाने तळहातावर तीन अक्षरे काढून दाखविली. पहिले 'नंतर', दुसरे 'आनंद', तिसरे 'बाग'. नंतरच्या आनंदाची बाग. पूर्वी तिला नुसतेच 'मागची बाग' म्हणत, कारण ती किल्ल्याच्या मागे होती. कोराकुएन हे नाव १८७१ मध्ये दिले गेले. अकराव्या शतकातील फान झोंगयान नावाच्या एका चिनी मंत्र्याच्या विचारावरून ते घेतले आहे. त्याच्या मते, राज्य करणाऱ्याने चिंता करायची ती प्रजेला चिंता पडण्याच्या आधी आणि आनंद भोगायचा तो प्रजेने भोगून झाल्यावर.

"म्हणजे तुझी आरडी," भाऊ मला म्हणाले. "आधी भरा, नंतर घ्या."

मी हसलो. आवर्ती ठेव, मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधी. नंतरचा आनंद हाच तर माल मी सदतीस वर्षे विकला. किती जणांना मी सांगितले असेल की आज थांबा, मुदत पुरी होऊ द्या, मोडू नका. पण नातीने सांगितलेल्या अर्थात आणि माझ्या ठेवीत एक फरक होता, आणि तो मला तिथे बसल्या बसल्या टोचू लागला. ठेवीत आधी भरणारा आणि नंतर घेणारा माणूस एकच असतो. त्या चिनी मंत्र्याच्या विचारात एकाने भरायचे असते आणि आधी दुसऱ्याने घ्यायचे असते.

नात पुढे सांगत होती. कोराकुएन १९३४ च्या पुरात बुडाली आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. किल्ल्याचा काळा बुरूजही तेव्हाच गेला. तो १९६६ मध्ये पुन्हा उभारला. बाग मात्र जुन्या चित्रांवरून आणि आराखड्यांवरून होती तशी पुन्हा केली गेली. कुठे कोणता दगड होता, वाट कुठे वळत होती, हे त्या लोकांनी आधीच काढून ठेवले होते.

"आपल्या वाडीचं चित्र कोणी काढलं नाही," भाऊ म्हणाले.

माझ्या खिशात नेहमी एक छोटी डायरी असते. मी ती काढली आणि वाडीचा चौकोन आखला. घराचे मागचे दार, पायऱ्या, आड. भाऊंनी पेन घेऊन आड उजवीकडे सरकवला. लिंबाबद्दल आमचे एकमत झाले. पेरूवर वाद झाला. माझ्या मते पेरू मागच्या भिंतीशी होता, कारण त्याच्या फांदीवरून मी शेजारच्या वाड्यात उतरत असे. भाऊंच्या मते तो मधोमध होता आणि भिंतीशी होता तो शेवगा. "शेवग्यावर चढला असता तर तेव्हाच हातपाय मोडले असते," मी म्हणालो. नात दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. तिला ते गोदामच माहीत आहे. तिच्या बापानेसुद्धा वाडी फक्त लहानपणी पाहिली.

मी चित्राखाली लिहिले: 'वाडी, अकोला.' आणि सवयीने तारीख घालावी म्हणून विचारले, "गोदाम कधी बांधलं हो भाऊ?"

"चौऱ्याण्णवच्या मार्चात," ते म्हणाले आणि पुन्हा तळ्याकडे पाहू लागले.

मी डायरीत '१९९४ पर्यंत' असे लिहिले आणि पेन तसेच धरून राहिलो.

१९९४ च्या जानेवारीत मी भाऊंना एक पत्र लिहिले होते. अमरावतीला भूखंड घेतला होता, बँकेचे घरकर्ज मंजूर झाले होते, पण माझ्या पदरची रक्कम कमी पडत होती. घरातील माझ्या हिश्शापोटी काही मिळू शकेल का, असे मी विचारले होते. पत्र फार सौजन्यपूर्ण होते. त्यातील एकेक शब्द मी तोलून लिहिला होता आणि मनाशी त्याचा मला अभिमानही वाटला होता. एप्रिलमध्ये एक लाख चाळीस हजारांचा डिमांड ड्राफ्ट आला. सोबत चिठ्ठी नव्हती. मी ड्राफ्टवरील तारीख पाहिली, रक्कम पाहिली, अक्षरी आणि अंकी जुळते की नाही तेही पाहिले आणि खात्यात जमा केला. त्या वर्षीच्या दिवाळीत नव्या घरात राहायला गेलो. घरापुढे बारा फुटांची जागा सोडून मी मोगरा आणि गुलाब लावले. भाऊ गृहप्रवेशाला आले होते. मोगऱ्याच्या आळ्यात बोट घालून त्यांनी माती पाहिली होती आणि म्हणाले होते, "मुरूम आहे. काळी माती आणून टाक."

त्या उन्हाळ्यानंतर मी अकोल्याला गेलो तेव्हा मागे पत्र्याचे गोदाम होते आणि खाली फरशी होती. आड बुजवला होता. एका व्यापाऱ्याकडून मोठी अनामत घेऊन ते बांधले, असे कोणीतरी सांगितले. ठीक केले, जागा उगीच पडून होती, असे मी म्हणालो होतो. माझे शब्द मला स्पष्ट आठवतात. कर्ज मागायला आलेल्या माणसाला 'स्वतःची रक्कम कोठून आणणार?' असे विचारणे हे माझे रोजचे काम होते. निधीच्या स्रोताचा रकाना रिकामा असेल तर मी अर्ज परत पाठवीत असे. दोन नोंदी, एका महिन्याच्या अंतराच्या, एकाच कुटुंबातल्या. आणि तीस वर्षांत मी त्या एकमेकींसमोर ठेवल्या नाहीत.

"भाऊ, ती अनामत किती होती?" मी विचारले.

"कोणती?"

"गोदामाची."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "आता कोणाला आठवते?" ते म्हणाले. चार लाख पस्तीस हजार सहाशेचा गुणाकार तोंडी करणारा माणूस असे म्हणाला. मग हात टेकून उठले आणि नातीला म्हणाले, "चल, तुझे मासे दाखव."

ती दोघे पुढे गेली. मी मागे बसून राहिलो. खाली पुलावर भाऊ कठड्याला धरून वाकले होते आणि नात त्यांना काही दाखवीत होती. एक गोष्ट मला कधीच कळली नव्हती, ती म्हणजे भाऊ कुठेही फिरायला का जात नाहीत. महाबळेश्वर नाही, काश्मीर नाही. यात्रेच्या बसने जाऊन दर्शन घेऊन परत, एवढेच. त्यांना आवड नाही असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले होते. बाई, म्हणजे आमची आई, मात्र म्हणत असे की गोदाम झाल्यापासून हा मागच्या दाराने जात नाही. म्हाताऱ्या माणसाचे बोलणे म्हणून आम्ही ते सोडून दिले होते.

परतीच्या प्रवासात त्यांनी लिफाफा काढला. मी वाचला. करारनामा काळजीपूर्वक केलेला होता, शंका घेण्यासारखे त्यात काही नव्हते. मी म्हणालो, "मागची जागा सोडून करू या. पुढच्या भागावर त्याला काय बांधायचे ते बांधू द्या."

"मागची सोडली तर तो भाव पाडेल."

"पाडू द्या."

"व्यवहारात भावना आणू नये, हे तूच लोकांना शिकवत होता."

"माझ्या हिश्शातून कापा," मी म्हणालो. "चौऱ्याण्णव सालापासूनचं व्याज धरून कापा."

भाऊ काही बोलले नाहीत. मनमाड येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "व्याज किती टक्क्यांनी धरणार?" आणि आम्ही दोघेही हसलो, पण माझा घसा दाटून आला होता, म्हणून मी उठून दारापर्यंत जाऊन आलो.

बिल्डरने अपेक्षेप्रमाणे भाव पाडला. भाऊ त्याच्यासमोर तीन वेळा बसले आणि त्यांनी तो बराचसा पुन्हा वर आणला. ते काम माझ्याने झाले नसते. मागचा तीस बाय चाळीसचा तुकडा करारातून वगळला. माझ्या पत्नीने विचारले की तीस बाय चाळीसमध्ये जपानी बाग कशी होणार? जपानी करायचीच नाही, असे मी तिला सांगितले. भाऊंनी अर्धे गोदाम तसेच ठेवावे, तेवढेच भाडे येईल, असा आग्रह धरला होता. व्यापारी माणूस, तो भाड्याचा विचार सोडणार कसा? तो वाद मे महिन्यापर्यंत चालला. शेवटी पत्रे विकून किती येतात ते पाहू, असे म्हणून त्यांनीच ते उतरविले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फरशी फोडली. मी त्या दिवशी अमरावतीहून गेलो होतो. खाली मुरमाचा थर होता आणि त्याखाली काळी माती, कोरडी ठणठणीत, ढेकळे निघत होती. आडाची जागा मजुरांना लगेच सापडली, कारण तेथील भराव थोडा खचला होता. ती भाऊंनी डायरीत सरकविली होती तिथेच निघाली. नालीचे गोटे मात्र एकही मिळाले नाहीत. भाऊ म्हणाले की ते त्यांनी तेव्हाच काढून ठेवले होते. दुकानाच्या माळ्यावर सरकीच्या पोत्यात असतील, पाहावे लागेल.

पेरूच्या जागेबद्दल आमचे अजून जमलेले नाही. कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून भाऊंनी दोन रोपे आणली आहेत. एक मधोमध लावायचे आणि एक भिंतीशी.